राणीच्या बागेचं तिकीट

आपल्या सोसायटीला यंदा २५ वर्षं झाली. आपल्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या राणीच्या बागेला १६० वर्षं होऊन गेली. परिसराच्या इतिहासावर लिहा असं स्मरणिका समितीने सांगितलं, तेव्हा गिरण्या आणि गणपती यांवर लिहिणारे इतर सभासद आहेत हे ठाऊक होतं. म्हणून मी बागेच्या तिकिटाचा विषय घेतला. विषय लहान दिसतो, तसा तो नाही.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग उघडली आणि तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं गेलं. ती उभी केली अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या झाडाझुडपांच्या हौशी मंडळींच्या संस्थेने. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. आवारातलं वस्तुसंग्रहालय, म्हणजे आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, त्याच्या आदल्या वर्षी लोकांसाठी उघडलं होतं. पुढे बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव मिळालं, पण टॅक्सीवाल्याला आपण आजही 'राणीचा बाग' असंच सांगतो. घारापुरीचा दगडी हत्ती इथे आहे. काळा घोडा ज्या चौकाला नाव देऊन गेला, तो घोडाही १९६५ पासून इथेच आहे. उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच ही झाडं बघायला वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी वह्या घेऊन येतात.

लालबाग-परळच्या चाळींतल्या माणसांना यातलं काही माहीत असो नसो, रविवारची बाग हीच होती. डबा घ्यायचा, पोरांना हत्ती-माकडं दाखवायची, झाडाखाली सतरंजी टाकायची, संध्याकाळी घरी. तिकीट किती हा प्रश्न कुणी विचारत नसे. कितीतरी वर्षं ते मोठ्यांना ५ रुपये आणि लहानांना २ रुपये असंच राहिलं होतं. चार माणसांचं घर १४ रुपयांत आत जायचं.

मग पेंग्विन आले. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला, त्यावर पेपरात खूप आलं. मार्च २०१७ मध्ये त्यांचं दालन लोकांसाठी खुलं झालं. आत चोवीस तास १६ ते १८ अंश तापमान ठेवावं लागतं. मुंबईच्या मे महिन्यात! शिवाय पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा, मासे, पशुवैद्य. सुरुवातीला हे सगळं ५ रुपयांच्या तिकिटातच बघायला मिळत होतं आणि गर्दी आवरेना. हे असं चालणार नव्हतं, हे कुणालाही कळत होतं. प्रशासनाने मोठ्यांसाठी माणशी १०० रुपयांचा प्रस्ताव ठेवला. त्याला विरोध झाला, आणि अखेर १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५ रुपये, आणि आईवडील व दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये असा दर लागू झाला. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा महिन्याचा पास १५० रुपयांचा झाला.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. एकट्या माणसाचं तिकीट दसपट झालं. चौघांच्या घराचं १४ वरून १०० वर, म्हणजे सातपट. कुटुंबाची सवलत चांगलीच, पण ती कुणाला मिळते ते बघा. आई, वडील आणि दोन मुलं आली तर १००. वडील पाळीवर आहेत किंवा हयात नाहीत, आणि आई एकटीच दोन मुलांना घेऊन आली तर? ५० अधिक २५ अधिक २५, तेवढेच १००. म्हणजे सवलतीतला फायदा नेमका त्या चौथ्या माणसाचा, जो तिच्याबरोबर नाही. तिसरं मूल असेल किंवा मावशी सोबत असेल तर आणखी पैसे. दर ठरवणाऱ्याच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे चौकोनी कुटुंबाचं चित्र होतं, एवढंच. गिरणगावात आठ-आठ माणसं एका खोलीत राहत होती.

पासाचं गणित उलटं आहे. १५० रुपयांत महिनाभर, म्हणजे रोजचे ५ रुपये: जुन्या एका तिकिटाएवढेच. शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नवीन दर फारसा लागलाच नाही. लागला तो वर्षातून एकदा कल्याण-विरारकडून गाडीने येणाऱ्या घराला. त्यांना गाडीभाडं आणि खाणंपिणं हे पुन्हा वेगळं.

माझ्या मते खरी अडचण ५० या आकड्यात नाही, फाटकात आहे. बाग आणि प्राणिसंग्रहालय ही दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि त्यांना तिकीट एकच आहे. ज्याला नुसतं उर्वशीच्या झाडाखाली बसायचं आहे, तोही पेंग्विनच्या विजेचं बिल भरतो. वस्तुसंग्रहालयाला वेगळं तिकीट आहेच. मग पेंग्विनच्या दालनाला वेगळं आणि बागेला नाममात्र, असं करता आलं असतं. यावर 'दोन रांगा, दोन खिडक्या, दुप्पट माणसं' हे उत्तर येतं. ते अगदीच खोटं नाही.

दुसरं म्हणजे ५ रुपयांचा दर इतकी वर्षं गोठवून ठेवायला नको होता. दर दोन-तीन वर्षांनी रुपया-दोन रुपये वाढले असते, तर दसपट हा शब्द कुणाच्या तोंडी आला नसता. मेंटेनन्स वाढवायचा विषय सर्वसाधारण सभेत आला की आपल्याकडेही हेच होतं: आधी कुणीच वाढवत नाही, मग लिफ्ट बदलायची वेळ येते आणि एकदम मोठा आकडा समोर येतो.

गर्दी मात्र आटली नाही. १ जानेवारी २०२३ या एकाच दिवशी ३२ हजारांहून जास्त माणसं आत गेली. दर योग्य होता याचा हा पुरावा, असं आमचे काही मित्र सांगतात. मला ते पटत नाही. मोजणी तिकिटाच्या खिडकीवर होते. फाटकापर्यंत येऊन फलक वाचून मागे फिरलेली बाई त्यात कुठेच नसते.

आपल्या सभागृहाचे आणि पाहुण्यांच्या पासाचे नवे दर ठरवायला उपसमिती बसणार आहे असं ऐकतो. त्यांनी 'सभासदाचं कुटुंब' म्हणजे कोण, हे आधी लिहून काढावं. आपल्याच इमारतीत आजी आणि दोन नातवंडं अशी घरं आहेत.