महामारीतील शाळा : गावाची शीव आणि पंचक्रोशीचा व्यवहार

साथीच्या काळात शाळा बंद करणे हा शासनाच्या एका आज्ञेचा विषय असतो. ती पुन्हा उघडणे मात्र तितके सोपे नसते. उघडावयाची ती कोणी, कोणाच्या जबाबदारीवर आणि कोणत्या क्षेत्रापुरती, असे तीन प्रश्न त्या वेळी एकदम उभे राहतात. यांपैकी तिसरा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. तथापि २०२० ते २०२२ या काळातील महाराष्ट्राचा अनुभव तपासला असता, पहिल्या दोहोंचे उत्तर पुष्कळसे त्यावरच अवलंबून होते असे दिसून येते. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुका डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू करण्यात आलेला साथरोग अधिनियम १८९७ चा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वर्षाचा होय. याच प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी अंत झाला, हे शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकास विसरता येण्याजोगे नाही. या अधिनियमाने सरकारला व्यापक अधिकार दिले. गावाचे मत घेण्याची तरतूद मात्र त्यात नव्हती. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांतात अतिशय मोठी प्राणहानी केली. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. त्याच सुमारास अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या असता न्यूयॉर्क व शिकागो यांनी त्या चालू ठेवल्या. मुलांची नित्य तपासणी करून आजारी मुलास घरी धाडणे ही त्यांची रीत होती. अर्थात शाळेची सुरक्षितता ही तेथे जमणाऱ्या मुलांवरील देखरेखीने ठरते, हा विचार शंभर वर्षांपूर्वीचाच आहे.

२०२० च्या मे महिन्याच्या आरंभी केंद्र शासनाच्या यादीत वर्धा जिल्हा हिरव्या क्षेत्रात होता. तरीही येथील शाळा राज्यातील इतर शाळांप्रमाणेच बंद राहिल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक प्रशासनाच्या निर्णयावर सोपवून उघडण्यात आले, आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे. पालकांची लेखी संमती, शिक्षकांची तपासणी, एका बाकावर एक विद्यार्थी, असे नियम होते. परंतु फेब्रुवारीत विदर्भात साथ पुन्हा उसळली. वाशीम जिल्ह्यात देगाव येथील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. त्यांतील पुष्कळसे अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतून आलेले होते. ज्या गावात शाळा, त्या गावाच्या प्रकृतीवरून शाळेची प्रकृती कळत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

या पार्श्वभूमीवर जुलै २०२१ चा शासननिर्णय पाहावा. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण आढळला नाही, तेथे ग्रामपंचायतीने ठराव करून आठवी ते बारावीचे वर्ग उघडावेत. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली तलाठी, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आदींची समिती असावी. शिक्षकांनी त्याच गावी राहावे अथवा सार्वजनिक वाहनाने ये-जा करू नये, असे त्याचे स्वरूप होते. १८९७ च्या कायद्याच्या आधारे जे बंद झाले, ते उघडण्याचा अधिकार ग्रामपंचायतीकडे यावा, ही गोष्ट ऐतिहासिक दृष्ट्या लहान नव्हे. या निर्णयाचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

तथापि त्याने गृहीत धरलेले घटक-क्षेत्र कोणते? गाव. आणि समुद्रपूर तालुक्यात आठवीपुढील शाळा ही एका गावाची नसून पंचक्रोशीची असते. खेड्यातील जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. पुढील शिक्षणासाठी मुलांना गिरड, मांडगाव यांसारख्या मोठ्या गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी, पायी, सायकलने वा एस.टी.ने जावे लागते. शिक्षकही पुष्कळदा हिंगणघाट, वर्धा येथून येणारे. त्यातून जाम येथे नागपूरहून हैदराबाद व चंद्रपूरकडे जाणारे रस्ते फुटत असल्याने रहदारी अखंड. अशा स्थितीत शाळेच्या गावाने निर्दोषपणाचा ठराव केला, तरी वर्गात बसणाऱ्या निम्म्या मुलांच्या गावांविषयी तो मौनच पाळणार. खुद्द समुद्रपूर नगरपंचायतीचे गाव. ग्रामपंचायतीच्या ठरावाची ही रीत तेथे मुळातच लागू पडणारी नव्हती.

याउलट, जेथे शाळा आणि गाव यांची शीव खरोखर एकच होती, ती पटसंख्येने लहान प्राथमिक शाळा. गावच्या ठरावाचे तत्त्व तिला सर्वांत अधिक शोभले असते. परंतु वर्ग उघडण्याचा क्रम इयत्तेवर बेतलेला होता. म्हणून ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले, आणि पहिली ते चौथीच्या मुलांना १ डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. ज्यांना अक्षरओळखच व्हावयाची होती, त्यांचीच पाटी अधिक काळ कोरी राहिली. मोठ्या मुलांचे वर्ग उघडले, तो नोव्हेंबरात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. शाळेचे दार उघडे आणि तिकडे जाणारी गाडी बंद, अशी अवस्था झाली. पासावर प्रवास करणाऱ्या मुलींना तिची झळ विशेष लागणे अपरिहार्य होते.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : शाळा उघडण्याच्या निर्णयाचे क्षेत्र महसुली गावाच्या नकाशावरून न ठरविता शाळेच्या हजेरीपटावरून ठरविले पाहिजे. पटावरील मुले ज्या ज्या गावांची, त्या सर्व गावांचे प्रतिनिधी एका समितीत बसले, आणि मुलांच्या वाहनाची सोय हा त्याच निर्णयाचा भाग मानला गेला, तरच ‘सुरक्षित’ या शब्दास अर्थ येतो. जेथे पट एकाच गावाचा, तेथे त्या गावाला निर्णयाची मोकळीक प्रथम मिळावी, अखेरीस नव्हे.

अभ्यासकांपुढे यातून एक तातडीचे कामही उभे राहते. जुलै २०२१ चे ग्रामपंचायतींचे ठराव, पालकांची संमतिपत्रे आणि त्या वर्षांचे हजेरीपट ही या इतिहासाची मूळ साधने होत. कपाटातील असे कागद जागेच्या अडचणीने रद्दीत जाण्यास फार काळ लागत नाही. पुढील साथ येईल तेव्हा आपल्या हाती केवळ शासनाच्या आज्ञा असाव्यात, की गावांनी त्यांचा लावलेला अर्थही असावा, हे हे कागद आज जतन होतात की नाही यावर ठरणार आहे.