युद्धोत्तर तेजी, मुळशीचे पाणी आणि आपण

इतिहासाच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका समृद्धीचे प्रकरण म्हणून येते. 1944 च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाच्या व गृहकर्जाच्या सवलती मिळाल्या. 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउनची टुमदार घरे उभी राहिली. मात्र त्या घरांत काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. त्याच युद्धात तोही लढला होता! मी पौडच्या परिसरात इतिहास शिकवतो. माझ्या घरात पदवी घेणारा पहिला मीच. त्यामुळे तेजी म्हटले की ती कुणाच्या जिवावर आली आणि कुणाच्या घरात गेली, हा प्रश्न मला आधी सुचतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याची गरज नाही. पौडच्या पश्चिमेस मुळशीचे धरण आहे.

तेजी आपल्याकडेही आली होती, पहिल्या महायुद्धानंतर. 1918 साली पाऊस गेला, इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे ओस पाडली, धान्य कडाडले. त्याच सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांना मात्र सुगी आली. 1920 साली काही गिरण्यांनी शंभर टक्क्यांच्या वर लाभांश वाटला. कामगाराच्या वाट्याला महागाई आली, म्हणून 1919 च्या जानेवारीत लाखावर गिरणी कामगार संपावर गेले. वाढत्या मुंबईला स्वस्त वीज हवी होती. 1919 साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळा-निळा संगमावर धरण बांधण्याचे ठरले. पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला सोडायचे, त्यावर वीज करायची, ती मुंबईला न्यायची. मध्ये सुमारे पन्नास गावे आणि त्यांची भातखाचरे होती. ती बुडणार होती.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट, वि. म. भुस्कुटे आदी पुढारी मावळ्यांसह तुरुंगात गेले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. त्यांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास करून एक गोष्ट स्पष्ट केली आहे: पुष्कळ जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या, आणि कसणारा मावळा स्वतःच्या शेतात कूळ झाला होता. सावकाराला जमिनीचा मोबदला घेऊन मोकळे होता येत होते. कुळाला मात्र जमिनीवाचून दुसरे काही नव्हते.

आता आणखी एक पायरी खाली उतरू. सावकाराकडे खत होते, कुळाकडे निदान नांगर होता. गावकुसाबाहेरच्या महाराकडे काय होते? वतनाची राबणूक आणि बलुत्याचा वाटा. भूसंपादनाचा 1894 चा कायदा जमिनीचा बाजारभाव मोजत होता. खळ्यावरच्या बलुत्याला बाजारभाव नसतो. गाव बुडाले की ते देणारी खळीही बुडतात. सत्याग्रहाच्या कथेत मावळा आहे, पुढारी आहे, कंपनी आहे. महारवाडा कुठे आहे?

हीच वीज पुढे मुंबईत काय करीत होती, तेही पाहावे. गिरण्या वाफेवरून विजेवर येत होत्या. यंत्र बदलले, पण त्यावर कुणी उभे राहायचे हा नियम बदलला नाही. विणकाम खात्यात पगार बरा होता. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून त्या खात्याचे दार आपल्या माणसाला बंद होते. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दार उघडण्याची मागणी पुढे रेटली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाराजीनेच स्वीकारली. मालक म्हणाले, हा अन्याय असलाच तर तो आमचा नव्हे! भांडवल आणि जात एकमेकांकडे बोट दाखवीत राहिली आणि माणूस बाहेरच राहिला.

1927 साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. भिरा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, आणि महाडही त्याच जिल्ह्यात. त्याच वर्षी 20 मार्चला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, डोंगराचे पाणी खाली आणून त्याची वीज करण्याइतके विज्ञान होते. माणसाला पाणी पिऊ देण्याइतकी माणुसकी नव्हती. आधुनिकता आली की जात आपोआप विरघळेल, असे मानणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

आज याच मुळशी तालुक्यात हिंजवडीची संगणकनगरी आहे, डोंगरउतारावर बंगले आहेत. तेजी पुन्हा आली आहे. 1972 साली दलित पँथरने अमेरिकेतील काळ्या पँथरांकडून नाव घेतले. त्यांचा प्रश्नही आपण घ्यायला हवा. समृद्धी किती, हे विचारून थांबू नये. तिच्या यादीतून कुणाला वगळले, हे विचारावे. मुळशी खोऱ्यातील बुडीत महारवाड्यांतून उठलेली माणसे कुठे गेली, याची नोंद करणे हे या भागातील विद्यार्थ्यांचे काम आहे. जाणती म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. दप्तरे वाट पाहतील. माणसे पाहणार नाहीत.