नागपूरचा ‘जॉन स्मिथ’

मार्च १९३१ मध्ये नागपूरचे डॉ. मुंजे रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले आणि त्याच्या युवकसंघटना पाहून प्रभावित झाले. ही हकीकत आपल्याकडे वारंवार उगाळली जाते. मात्र त्याच नागपुरातला, त्याच वर्तुळातला एक माणूस पुढे स्पेनमध्ये फॅसिझमविरुद्ध बंदूक घेऊन उभा राहिला, हे क्वचितच कोणी सांगते.

गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार हे त्याचे नाव. १९२९ साली डॉ. हेडगेवार सरसंघचालक झाले, तेव्हा संघाचे पहिले सरकार्यवाह हुद्दार होते. पुढे बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या खटल्यात त्यांना तुरुंगवास घडला. सुटल्यावर पत्रकारिता शिकण्यासाठी ते लंडनला गेले.

जुलै १९३६ मध्ये फ्रँकोने स्पेनच्या निर्वाचित सरकारविरुद्ध बंड पुकारले होते. हिटलर-मुसोलिनी त्याला विमाने आणि सैनिक पुरवीत होते, तर ब्रिटनने अलिप्ततेचे सोंग घेतले होते. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला पन्नासेक देशांतून सुमारे ३५ हजार स्वयंसेवक आले. त्यांत भारतीय बोटांवर मोजण्याइतकेच. १९३७ मध्ये हुद्दार त्यांत सामील झाले, तेही ‘जॉन स्मिथ’ या नावाने! इंग्रजी राज्याच्या वैऱ्याने इतके अस्सल इंग्रजी नाव घ्यावे, याची आम्हांस मौज वाटते. ज्या ब्रिटिश बटालियनमध्ये ते लढले, तिला मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवालांचे नाव दिलेले होते. १९३८ च्या वसंतात गांदेसाच्या लढाईत ते पकडले गेले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातील छावणीत डांबले गेले. त्याच वर्षी सुटून ते मायदेशी परतले.

या प्रवासाला निव्वळ ‘मतांतर’ म्हणणे आम्हांस पटत नाही. परसत्तेविरुद्ध जिवावर उदार होण्याची वृत्ती बालाघाटच्या वेळीही होतीच. स्पेनने ‘आपले’ कोण, याची कक्षा तेवढी रुंदावली. संघाच्या इतिहासात ते अडचणीचे ठरतात, आणि डाव्यांनाही त्यांचे पूर्वायुष्य सोयीचे नाही. दोन्हीकडे त्यांच्या वाट्याला तळटीपच आली.

हुद्दार पुढे कम्युनिस्ट झाले, तरी हेडगेवारांकडचे त्यांचे जाणेयेणे तुटले नव्हते. १९३९ मध्ये सुभाषबाबूंच्या भेटीचा प्रस्ताव घेऊन ते देवळालीला गेले. हेडगेवारांनी प्रकृतीचे कारण सांगितले, आणि भेट ठरली नाही. ही हकीकत हुद्दारांनी स्वतःच १९७९ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लिहून ठेवली आहे.