मृत करदात्याचे विवरणपत्र व परतावा

मृत व्यक्तीच्या हयातीतील उत्पन्नाचे आयकर विवरणपत्र भरणे व कराचा परतावा मिळवणे यासंबंधीची भारतातील व्यवस्था. आयकर कायद्यानुसार ही जबाबदारी कायदेशीर प्रतिनिधीवर येते; मात्र त्याचे दायित्व मृताच्या मालमत्तेपुरतेच मर्यादित असते. वडिलांचा थकीत कर मुलाला पदरमोड करून भरावा लागेल ही भीती म्हणूनच बहुधा अनाठायी ठरते. भारतात मृत्युपश्चात संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. त्यामुळे विवरणपत्र व परताव्याची ही व्यवस्था फक्त आयकरापुरती आहे.

मृत्यूच्या तारखेला उत्पन्नाचे दोन भाग पडतात. करदाता १० ऑक्टोबरला वारला, तर १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंतचे निवृत्तिवेतन, व्याज वा भाडे त्याच्याच पॅनवर दाखवतात. नंतरचे उत्पन्न वारसांचे. मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमलेला असल्यास वाटप पूर्ण होईपर्यंत त्याच्यावर आकारणी होते.

वारसाला आयकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मृताचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचा दाखलाही पुरावा म्हणून चालतो. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालय मुंबई विनियम ८, १८२७ खाली वारसा प्रमाणपत्र देते. खरी अडचण परताव्याची: मृताचे बँक खाते बंद झाले असेल तर रक्कम परत जाते आणि ती पुन्हा पाठवण्याची विनंती करावी लागते. त्यामुळे खाते बंद करण्याची वा पॅन परत करण्याची घाई परतावा हाती येईपर्यंत न केलेली बरी.