अपूर्ण वाक्य (इंग्रजी लेखनातील)

आरंभी मोठे अक्षर आणि शेवटी पूर्णविराम असूनही व्याकरणदृष्ट्या स्वतंत्र वाक्य न ठरणारा शब्दसमूह. इंग्रजीत त्याला ‘सेंटेन्स फ्रॅग्मेंट’ म्हणतात. त्यात कर्ता नसतो, काळ दाखवणारे क्रियापद नसते, किंवा दोन्ही असूनही आरंभीच्या ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘व्हिच’ अशा शब्दामुळे ते गौण वाक्य झालेले असते. ‘पूर्ण अर्थ सांगते ते वाक्य’ ही शालेय व्याख्या येथे अपुरी पडते. ‘इट डिड.’ हे विधान मागच्या संदर्भाशिवाय काहीच सांगत नाही, तरी ते निर्दोष वाक्य आहे. उलट ‘दि ओल्ड ब्रिज कनेक्टिंग द टू व्हिलेजेस.’ वाचताच पूल डोळ्यांपुढे येतो, पण ते वाक्य नव्हे. कारण ‘कनेक्टिंग’ काळ दाखवत नाही. म्हणून निर्णय रचना पाहूनच करावा लागतो.

मराठी व्याकरणातील ‘करतो’ हे क्रियापद आणि ‘करून’, ‘करताना’ ही धातुसाधिते, हा भेद येथे थेट उपयोगी पडतो: ‘इज’, ‘वॉज’ यांचा आधार नसलेले ‘आयएनजी’ रूप धातुसाधितच होय. मात्र ‘हे माझे घर’ असे क्रियापदाविना चालणारे वाक्य किंवा पूर्णविरामानंतर ‘कारण’ने होणारी सुरुवात मराठीत सहज खपते, औपचारिक इंग्रजीत तशी रचना दोष ठरते. तरी हा दोष केवळ परभाषकांचा नाही. रॉबर्ट कॉनर्स आणि अँड्रिया लन्सफर्ड यांनी 1988 मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन निबंधांतील वारंवार होणाऱ्या वीस चुकांची यादी प्रसिद्ध केली. तीत अपूर्ण वाक्य बाराव्या स्थानी होते. ओळखण्यासाठी रेई नोगुची यांनी 1991 च्या ‘ग्रामर अँड द टीचिंग ऑफ रायटिंग’ या पुस्तकात सोपी चाचणी दिली: शंकास्पद शब्दसमूह ‘दे रिफ्यूज्ड टू बिलीव्ह दि आयडिया दॅट’ यापुढे ठेवावा, नीट बसला तर ते वाक्य. आज्ञा आणि प्रश्न पूर्ण असूनही या चौकटीत बसत नाहीत, एवढी तिची मर्यादा. ‘बिकॉज’ने वाक्य सुरूच करू नये, हा प्रचलित नियम मात्र चुकीचा आहे, ‘बिकॉज इट रेन्ड, वी स्टेड होम.’ हे पूर्ण वाक्य आहे.

दुरुस्ती म्हणजे पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम घालणे, असा समज आढळतो. पुढील उदाहरण पाहावे: ‘दि ऑफिस वॉज क्लोज्ड. बिकॉज द क्लार्क्स वेअर ऑन स्ट्राइक. नो बिल्स वेअर पेड.’ मधला तुकडा मागे जोडला तर संपामुळे कार्यालय बंद राहिले. पुढे जोडला तर संपामुळे बिले थकली, आणि कार्यालय बंद असण्याचे कारण वेगळे असू शकते. ‘बिकॉज’ काढून त्याचे स्वतंत्र वाक्य केले तर कार्यकारणाचा दावाच उरत नाही. तिन्ही दुरुस्त्या व्याकरणशुद्ध आहेत. पण कोणती खरी, हे लेखकच सांगू शकतो. अपूर्ण वाक्य सुधारणे हा अर्थाचा निर्णय आहे, तो या अर्थाने.

अपूर्ण वाक्याला दोष मानण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. संदर्भावरून वाचकाला कळतेच, हा पहिला. वरील उदाहरणात नेमके तेच होत नाही. करार, अहवाल किंवा उत्तरपत्रिकेत तर अशी संदिग्धता महागात पडते. श्रेष्ठ लेखकही अशी वाक्ये लिहितात, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ची (1852–53) सुरुवात मुख्य क्रियापद नसलेल्या अशा तुकड्यांनीच होते. पण तेथील तुकडे लंडनमधील चिखल आणि धुके एकापुढे एक मांडतात; त्यांत कुठले कारण कशाला जोडायचे, हा प्रश्नच उद्भवत नाही. जाहिरात, मथळा आणि संवाद यांनाही हीच मोकळीक आहे. त्यामुळे सरसकट बंदी जितकी चुकीची, तितकीच सरसकट सूटही. तुकडा कशाशी जोडलेला आहे याविषयी वाचकाला दोन उत्तरे संभवत असतील, तर तो दुरुस्त करणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते.