सॅप २ (जनुक)

सॅप २ हे कँडिडा अल्बिकन्स या रोगकारक कवकातील, प्रथिनांचे विघटन करणाऱ्या विकराचे जनुक आहे. हे कवक निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यांतही आढळते. प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यास मात्र ते रक्तात पसरू शकते. नायट्रोजनासाठी केवळ प्रथिनेच उपलब्ध असली की कवक हे विकर पेशीबाहेर सोडते. पेप्स्टॅटिन या पदार्थाने त्याची क्रिया थांबते. त्यावरून ते ॲस्पार्टिक गटातील विकर ठरते.

या कवकात जनुकाच्या दोन प्रती असल्याने त्याचे कार्य तपासण्यासाठी दोन्ही काढाव्या लागतात. अशा कवकाची केवळ प्रथिनांवर वाढ खुंटते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत त्याची रोगकारकता घटली, परंतु नाहीशी झाली नाही. सॅप कुळात एकूण १० जनुके आहेत. त्यामुळे एकट्या सॅप २ ला रोखून संसर्ग आटोक्यात येईलच, असे मानता येत नाही.