ब्लॅक सॅबथ आणि सिंथेसायझर : १९७३ मधील एका प्रयोगाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश संगीताचा इतिहास लिहिताना हेवी मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉक हे दोन स्वतंत्र, किंबहुना परस्परविरोधी प्रवाह मानले जातात. पहिला प्रवाह कामगार वस्तीचा आणि गिटारच्या जड आघातांचा. दुसरा संगीताचे शिक्षण घेतलेल्यांचा, दीर्घ रचनांचा आणि नव्या वाद्यांचा, अशी ही ढोबळ विभागणी होय. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडने १९७३ मध्ये केलेला प्रयोग या विभागणीला छेद देतो. प्रस्तुत लेखात त्या प्रयोगाची कारणे, स्वरूप आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

टोनी आयोमी, ओझी ऑस्बर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड हे चौघे बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागातील. १९६८ मध्ये ते एकत्र आले. आयोमी वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. वितळविलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून आणि हलक्या तारा वापरून त्याने वादन चालू ठेवले. पुढे ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ (१९७१) या अल्बममधील अनेक गीतांत गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवून लावलेली आढळते. तारांचा ताण कमी झाल्याने बोटांना आराम मिळाला आणि नाद अधिक जड झाला. हेवी मेटलची ओळख मानला गेलेला हा नाद काही अंशी एका औद्योगिक अपघाताशी असा जोडलेला आहे.

प्रयोगाची कारणे व स्वरूप

फेब्रुवारी १९७० ते सप्टेंबर १९७२ या तीन वर्षांहून कमी काळात बँडचे चार अल्बम प्रसिद्ध झाले. चौथ्या अल्बममधील ‘चेंजेस’ या गीतात गिटारऐवजी पियानो आणि मेलोट्रॉन यांचा आधार घेतला होता. मात्र १९७३ मध्ये लॉस एंजेलिस येथे नव्या अल्बमची तयारी करताना आयोमीला काहीच सुचेना. बँड इंग्लंडला परतला आणि ग्लॉस्टरशायरमधील क्लिअरवेल किल्ल्यात मुक्कामी राहिला. तेथे शीर्षकगीताची रचना आकारास आली आणि कोंडी फुटली. ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत झाले व डिसेंबर १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास त्याच स्टुडिओत ‘येस’ या अग्रगण्य प्रोग्रेसिव्ह बँडचे काम चालू होते. त्याचा वादक रिक वेकमन हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचा विद्यार्थी होता. ‘सॅब्रा कॅडाब्रा’ या गीतासाठी त्याने मिनिमूग सिंथेसायझर आणि पियानो वाजविला. मोबदला म्हणून पैसे न घेता बिअर स्वीकारली, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

तथापि, हा प्रयोग पाहुण्या वादकापुरता मर्यादित नव्हता. ‘हू आर यू’ हे गीत ऑस्बर्नने सिंथेसायझरवरच रचले. त्याला वाद्यवादनाचे शिक्षण नव्हते. येथे या वाद्याचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. त्यात विद्युत दोलकातून मूळ ध्वनी निर्माण होतो, फिल्टरने त्याचा पोत बदलतो. मिनिमूगवर एका वेळी एकच स्वर निघत असे. १९७० मध्ये बाजारात आलेल्या या वाद्याला घराणे नव्हते, जुनी शिस्त नव्हती. पियानोपुढे वेकमन आणि ऑस्बर्न यांच्यात मोठे अंतर होते. या नव्या वाद्यापुढे ते बरेच कमी झाले. अल्बमच्या अखेरच्या ‘स्पायरल आर्किटेक्ट’ या गीतात तंतुवाद्यांचा समूह योजला आहे. त्यामुळे हे प्रोग्रेसिव्ह रॉकचे अनुकरण नसून, आपल्याच नादाची कक्षा रुंदावण्याची धडपड होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मर्यादा

अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मात्र ‘टेक्निकल एक्स्टसी’ (१९७६) आणि ‘नेव्हर से डाय!’ (१९७८) या अल्बममध्ये कीबोर्डचा वापर वाढत गेला, तशी बँडची एकसंधता टिकली नाही. १९७९ मध्ये ऑस्बर्नला वगळण्यात आले. त्यानंतर आलेला जेफ निकल्स अनेक वर्षे कीबोर्ड वाजवीत राहिला. पण कार्यक्रमांत तो बहुधा प्रेक्षकांच्या नजरेआड असे. नाद हवा होता, तो काढणारा वादक मात्र दिसू नये, अशी ही व्यवस्था होती.

निष्कर्ष

ज्या बँडचा मूळ नादच अडचणीवर शोधलेल्या उपायातून घडला, त्याने नवे वाद्य हाती घेणे हे त्याच्या परंपरेशी सुसंगतच होते. ‘शुद्ध’ हेवी मेटल ही कल्पना या संगीताच्या आरंभी नव्हती. ती नंतर रूढ झाली आणि कीबोर्डवादकाला रंगमंचाच्या आड घेऊन गेली. बँडच्या २०१७ मध्ये संपलेल्या अखेरच्या दौऱ्यातही कीबोर्ड असेच आडून वाजत होते, आणि ते वाजविणारा अॅडम वेकमन हा रिक वेकमनचा मुलगा होता. इतिहासकाराने रंगमंचावर दिसणाऱ्या चौघांबरोबर या न दिसणाऱ्या वादकाचीही नोंद घेणे आवश्यक आहे.